दुसऱ्याच्या नावाची ओ

१

दिगंबररावांच्या घरात एक नियम होता. हाक मारली की पहिल्याच हाकेला ओ आली पाहिजे. दुसरी हाक ते मारत नसत. उठून जात, आणि मग समोरच्याची खैर नसे. बायको होती तोवर तिने हा नियम पाळला. मुलगी अश्लेषा लग्न होऊन जपानला गेली, इतिहासात डॉक्टरेट करायला क्योतोत राहिली, तरी फोनवर बापाने नाव घेतलं की तिच्या तोंडून आधी 'ओ' निघे आणि मग बाकीचं.

ते स्वतः मात्र कुणाला ओ देत नसत. ओ द्यायची ती धाकट्यांनी. मुलीने 'बाबा' म्हटलं की ते म्हणत, "काय आहे?" प्रेमाने म्हणायचे तेव्हाही "काय आहे?" असंच म्हणायचे.

चौथी शिकलेला माणूस. सगळी नोकरी सूतगिरणीच्या फाटकावर मुकादम म्हणून गेली. पाळी सुरू व्हायच्या आधी नावं पुकारायची आणि कामगाराने 'हजर' म्हणायचं. कुणी दांडी मारलेल्या दोस्ताच्या नावाने 'हजर' म्हणालाच, तर दिगंबरराव मान वर न करता सांगत, "हा आवाज त्याचा नव्हे. ज्याचा असेल त्याने घरी जावं." आवाजाच्या बाबतीत ते फसले नाहीत. याचा त्यांना अभिमान होता आणि तो ते लपवत नसत.

पावसाळा संपता संपता अश्लेषा सायकलवरून पडली आणि तिचा घोटा मोडला. जावई प्रथमेश तिकडे तोक्योत, फुनाबोरीला. आयटीचं कंत्राट, रजा मिळेना. दिगंबररावांनी पासपोर्ट काढून ठेवला होताच. ते आले.

घर जुनं, लाकडी, अरुंद. पुढे एक खोली, मग स्वयंपाकघर, मग एक लांब बोळ. बोळाच्या एका बाजूला आतली खोली आणि टोकाला न्हाणीघर. आतल्या खोलीत गवताच्या चटयांची जमीन. तिथे अश्लेषाची पुस्तकं पसरलेली असत. त्या खोलीच्या भिंतीतच गाद्या ठेवायचं खोल कपाट होतं, सरकत्या दाराचं. तिथले लोक त्याला ओशिइरे म्हणतात. उभा माणूस मावत नाही, बसलेला मावतो.

या घरात भांडीसुद्धा बोलत. भाताचा कुकर गाणं म्हणे. न्हाणीतलं पाणी तापलं की भिंतीतून एक बाई गोड आवाजात ते कळवी. पहिल्या दिवशी दिगंबररावांनी तिला दरडावून विचारलं होतं, "कोण आहे गं?" अश्लेषा कुबड्या टाकून हसत बसली होती.

दुपारी चहा झाला की ते ओट्यापाशी उभे राहून हाक मारत.

"अश्लेषा!"

"ओ!"

मग बोळातून कुबड्यांची टकटक येई. दिवसातली ती घटका त्यांना सगळ्यात आवडे. हे त्यांनी कुणाला सांगितलं नसतं.

२

"तुझ्या प्रबंधातला तो पाद्री काय म्हणतो?" जेवताना त्यांनी विचारलं. अंड्याची आमटी होती आणि जपानी चिकट भात.

"पाद्री नाही हो बाबा, आर्चबिशप. पाद्र्यांचा पाद्री. आणि आधी तर सरदारच होता. जर्मनीतल्या एका नदीकाठचा. राडबोट."

"राडा आणि बोट?"

"राडबोट."

"तेच ते. राडा करायचा आणि बोट दुसऱ्याकडे दाखवायचं."

अश्लेषाला ठसका लागला. "तुम्ही चेष्टेत म्हणता, पण जवळपास तसंच आहे. धाकटा मुलगा. गढी, जमीन सगळं थोरल्या भावाचं. एका हिवाळ्यात नदी गोठलेली, भाऊ घोड्यासकट बर्फातून खाली गेला. काठावर हा उभा. भावाने हाका मारल्या."

"मग?"

"याने ओ दिली नाही."

दिगंबररावांनी घास खाली ठेवला. "भाऊ बुडत होता आणि ओ दिली नाही?"

"नाही. जमीन याला मिळाली. आणि वर्षाच्या आत याने ती सगळी सोडून दिली. बादशहाने उचलून याला आर्चबिशप केला. तेव्हा तसं चालायचं. शनिवारी दीक्षा, रविवारी गादी. कालचा तलवारवाला आज देवाचा माणूस."

"आपल्याकडे कालचा दारूवाला आज नगरसेवक होतो, तसंच."

"अगदी. आता गंमत ऐका. गादीवर बसवताना देवळात नाव पुकारायचे, आणि त्या माणसाने म्हणायचं, 'मी हजर आहे.' तुमच्या गिरणीसारखंच. याचं नाव पुकारलं, हा गप्प. परत पुकारलं, गप्प. शेवटी मागच्या रांगेतून दुसऱ्याच कुणीतरी 'हजर' म्हटलं."

"आणि चालवून घेतलं?"

"घेतलं."

"माझ्या फाटकावर घेतलं नसतं," दिगंबरराव म्हणाले आणि आमटी ओरपू लागले.

३

अश्लेषाला विद्यापीठात तिच्या हिरानो सेन्सेईंसमोर राडबोटच्या जुन्या चरित्रातला एक भाग वाचून दाखवायचा होता. प्रोफेसर कडक होते. त्यांनी सांगितलं होतं, नुसता अर्थ सांगू नका, देवळात म्हटला असेल तसा मोठ्याने म्हणा. म्हणून ती आतल्या खोलीत सराव करी. लॅटिन भाषा. दिगंबररावांना त्यातलं एवढंच कळे, की मधूनमधून नाव येतं आणि नावानंतर ती थांबते.

त्या दिवशी ते स्वयंपाकघरात पिठलं घोटत होते. बाहेर रॉकेलची गाडी गाणं वाजवत गल्लीतून चालली होती. आतून आवाज आला.

"राडबोट."

शांतता.

"राडबोट."

पुन्हा शांतता. ती आवाज लांबवून, खालच्या पट्टीत म्हणत होती. चांगलं म्हणत होती. पण त्या शांततेने दिगंबररावांच्या पाठीला रग लागल्यासारखं झालं. फाटकावर नाव पुकारून उत्तर आलं नाही की होई तसं. तिने तिसऱ्यांदा नाव घेतलं आणि त्यांना राहवलं नाही.

"ओ!" त्यांनी पिठल्यातली पळी उचलून आरोळी ठोकली. "आहे रे बाबा, आहे. पुढे वाच!"

आतून हसू फुटलं. मग ते थांबलं. कुबड्या टकटकत बोळातून आल्या आणि अश्लेषा दारात उभी राहिली.

"काय केलंत?"

"घरात हाक अशी टांगलेली ठेवू नये. कुणीतरी उतरवून घ्यावी."

"तुम्ही तर कुणालाच ओ देत नाही!"

"हा कुठे कुणी आहे? हा मेलेला."

ती काही बोलणार होती. पण पिठल्याचा वास नाकात शिरला, तसं म्हणाली, "लसूण जास्त घाला," आणि परत गेली.

गल्लीतली रॉकेलची गाडी केव्हाच लांब गेली होती. घोटता घोटता दिगंबररावांना वाटलं, तिचं हसू आपोआप थांबलं नव्हतं. मध्येच कुणी ऐकण्यासाठी थांबवलं होतं. पिठलं खाली लागत होतं. त्यांनी गॅस बंद केला.

४

वाचनाच्या दिवशी ती टॅक्सीने विद्यापीठात गेली. दिगंबररावांनी पेटायचा कचरा वेगळा, प्लास्टिक वेगळं असं करून पेटायचा पिवळ्या पिशवीत बांधला. या गावात कचऱ्याचीसुद्धा जात पाहतात, असं ते म्हणत, पण त्यांच्या शिस्तीला ते पटे. मग थोडे लवंडले. उठून चहा टाकला.

"बाबा."

आतल्या खोलीतून. तिचाच आवाज, जरा कंटाळलेला, मान खाली घालून वाचता वाचता मारते तशी हाक.

"काय आहे?"

उत्तर नाही. त्यांनी दोन कप घेतले. चहा गाळला.

"बाबा."

"अगं, आणतोय. तोंडाने सांगायला काय होतं?"

कप घेऊन ते बोळात शिरले. आतल्या खोलीचं दार उघडं होतं. पुस्तकं होती, बसायची उशी होती, खिडकीतून पडलेलं पिवळं ऊन होतं. अश्लेषा नव्हती. कुबड्या नव्हत्या. भिंतीतल्या कपाटाचं दार हातभर सरकलेलं होतं, आत गाद्यांची घडी दिसत होती. दारापुढच्या चटईची कड ओली होती.

तेव्हा त्यांना आठवलं की ती घरातच नाही.

म्हातारपण, ते मनाशी म्हणाले. डोळा लागला होता, स्वप्नातली हाक असेल. त्यांनी ते पटवून घेतलं. ओल्या कडेवरून पायाचा अंगठा फिरवून पाहिला. पाणी फार गार होतं. खिडकी बंद होती आणि छताला कुठे डाग नव्हता.

एका गोष्टीने मात्र ते बसले जागेवर. आयुष्यभर त्यांनी उसना आवाज ओळखला होता. ही हाक उसनी वाटली नव्हती. लेकीच्या आवाजातला सर्दीचा खरखरीतपणासुद्धा त्या हाकेत होता.

पुढच्या दाराचं कुलूप वाजलं. "मी आले!" अश्लेषा ओरडली. "सेन्सेई खूश झाले! अय्या, माझा पण चहा तयार?"

"हो," ते म्हणाले. "तुझाच."

५

शेजारच्या ओकुदा-सान एका भिंतीपलीकडे राहत. एकट्या, वयाने दिगंबररावांच्या बरोबरीच्या. रविवारी त्या पर्सिमनची फळं घेऊन आल्या, दारात कमरेत वाकल्या आणि बराच वेळ बोलल्या. अश्लेषा "हाय, हाय", म्हणजे जपानीत 'हो, हो', करत ऐकत होती. बाई गेल्या तशी तिने दार लावलं आणि फळांची पिशवी धरून तशीच उभी राहिली.

"काय म्हणते म्हातारी?"

"म्हणाल्या, तुमचं घर किती भरलेलं वाटतं, छान."

"चांगली आहे की."

"बाबा, क्योतोत असं म्हणाले की त्याचा अर्थ आवाज कमी करा." तिने पिशवी ओट्यावर ठेवली. "म्हणाल्या, वडील दुपारभर मुलीला हाका मारतात. मुलीने ओ द्यावी. वडीलधाऱ्या माणसाला असं ताटकळत ठेवू नये."

"मी एकदाच हाक मारतो."

"परवा मी दिवसभर विद्यापीठात होते. मी नसताना तुम्ही मला हाका मारत होतात का?"

"मी काय खुळा आहे?"

संध्याकाळी प्रथमेशचा फोन आला तेव्हा ती पुढच्या खोलीत दार ओढून बोलली. पण फोन स्पीकरवर होता आणि ती दारं कागदाची. दिगंबररावांना ऐकू येत होतं.

"अगं, सत्तरी उलटली त्यांची. नवी जागा, भाषा येत नाही, दिवसभर एकटे. त्यांना परत पाठवू या का? मी एखादी हेल्पर शोधतो."

"त्यांना काय सांगू? तुम्ही भ्रमिष्ट झालात म्हणून?"

"तसं नाही गं—"

"दे इकडे," दिगंबरराव दार सरकवून म्हणाले. फोन घेतला. "जावईबापू, मुलीचं प्लॅस्टर निघेल त्या दिवशी मी जाईन. आधी नाही."

"बाबा, मी तुमच्या काळजीने—"

"काळजी मी करायला आलोय. तुम्ही नोकरी करा."

त्यांनी फोन तिच्यापुढे केला. अश्लेषा फोन न घेताच बोळाकडे बघत होती. तिच्या तोंडावरचा रंग उतरला होता.

"आत कोण आहे?"

"कोण असणार?"

"तुम्ही माझ्यासमोर उभे आहात," ती हळू म्हणाली, "आणि तुम्ही मला आतून हाक मारलीत."

दिगंबररावांनी काहीच ऐकलं नव्हतं. त्यांना ऐकू आलं ते थोड्या वेळाने. बोळातून, आतल्या खोलीतून, मुलीच्या आवाजात: "बाबा." मुलगी समोर होती आणि तिचे ओठ मिटलेले होते.

फोनमधून प्रथमेश "हॅलो, हॅलो" करत होता.

६

दुसऱ्या दिवशी उजेडात त्यांनी आतली खोली रिकामी केली. पुस्तकं पुढे आणली. गाद्या काढून कपाट पाहिलं. फळी होती, भिंत होती, दुसरं काही नव्हतं. घर सोडावं तर मोडक्या पायाने महिन्याभरात दुसरं घर कोण देणार? आणि फुनाबोरीला प्रथमेश दोघा मित्रांबरोबर एका खोलीत राहत होता. महिनाअखेरीस प्लॅस्टर निघालं की सगळ्यांनीच इथून हलायचं, असं ठरलं.

"तोवर एक कायदा," दिगंबरराव मेजावर हात आपटून म्हणाले. "या घरात कुणी कुणाला हाक मारायची नाही. आणि आली तर तोंड उघडायचं नाही. काम असेल तर उठून समोर यायचं."

"आणि मी न्हाणीत असले तर?"

न्हाणीच्या भिंतीवर एक बटण होतं. दाबलं की स्वयंपाकघरातल्या डब्यात टुणटुण वाजे. ठरलं. बटण खरं, आवाज खोटा.

ते दिवस मुकाट्याने गेले. दुपारी चहा झाला की ते कप घेऊन तिच्यासमोर जाऊन उभे राहत. हाका येत. ती असली की तिच्या कानाला बापाची येई, त्यांच्या कानाला लेकीची. दोघं एकमेकांकडे बघत आणि खाली बघत.

"त्या राडबोटचं पुढे काय झालं?" त्यांनी एकदा विचारलं.

"मरेपर्यंत त्याने स्वतःच्या नावाला ओ दिली नाही." ती बोटाने मेजावर रेघा ओढत होती. "पदरी एक माणूस ठेवला. धन्याला कुणी हाक मारली की त्याने ओ द्यायची. दुसरं काम नाही."

"त्या माणसाचं काय झालं?"

"लिहिलेलं नाही. तो गेल्यावर दुसरा ठेवला, मग तिसरा. चौथा नदीपलीकडून आणावा लागला, कारण अलीकडचं कुणी यायला तयार होईना. एवढंच लिहिलंय."

दिगंबररावांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"बाबा, तुम्ही त्या दिवशी पिठलं करताना—"

"चहा घे," ते म्हणाले. "निवतोय."

७

थंडीत क्योतोचा दिवस लवकर कलतो. त्या दिवशी ढग होते. अश्लेषाने प्लॅस्टरवर नगरपालिकेची पिवळी पिशवी चढवली, वर चिकटपट्टी गुंडाळली आणि ती अंघोळीला गेली. भिंतीतल्या बाईने पाणी तापल्याचं सांगितलं. दिगंबरराव मुळा चिरत होते.

काहीतरी धपकन पडलं. बादली असेल.

"बाबा."

त्यांनी डब्याकडे पाहिलं. डबा गप्प. त्यांनी मुळा चिरला.

"बाबा..."

सुरी थांबली. हाक बोळातून आली होती. पण आतली खोलीही बोळातच उघडते. त्यांनी कान दिला, फाटकावर द्यायचे तसा. कळेना. कायदा त्यांनीच केला होता. ते ओट्याला धरून उभे राहिले. न्हाणीत नळ चालू होता, पाणी नुसतं वाहत होतं, कुणी अंगावर घेताना त्याचा आवाज बदलतो तसा बदलत नव्हता.

गोठलेल्या नदीच्या काठावर राडबोट असाच उभा राहिला असेल. त्यालाही एखादं कारण असेल. चांगलं, पटण्यासारखं.

दिगंबरराव बोळात धावले. तोंड बंद ठेवून धावले. बोलायचं नाही, नुसतं जायचं, एवढं त्यांनी धरून ठेवलं होतं. न्हाणीचं दार त्यांनी ढकललं. ते आतून घट्ट धरलेलं होतं. दाराच्या दुधी काचेवर, खाली, तळहाताएवढा लाल डाग पसरत होता.

"कोण आहे?" आतून अश्लेषा. आवाज चिरलेला.

त्यांनी दारावर थाप मारली.

"नाही उघडणार. मघापासून हाका मारताय. 'अश्लेषा, दार उघड. अश्लेषा, मीच आहे.' मला ऐकू येतंय." तिला धाप लागली होती. "बटणापर्यंत हात पुरत नाही. डोकं फुटलंय, बाबा... तुम्ही खरे आहात का?"

"मीच आहे. उघड," ते म्हणाले.

"तेही असंच म्हणतं."

"अगं पोरी, दार सोड!"

"तेही..." ती थांबली. काचेवरचा हात घसरून खाली आला, पण दार सुटलं नाही. ती दाराला टेकून पडली असावी, अंगाच्या भाराने ते बंद होतं. "ते हाका मारतं. ओ देत नाही. कधीच देत नाही. खरे असाल तर ओ द्या. बाबा."

त्यांच्या पाठीमागे, आतल्या खोलीत, शांतता झाली. आजवर तिथे शांतता असे ती रिकाम्या जागेची. ही तशी नव्हती. कुणी श्वास धरून बसल्याची होती.

दिगंबररावांना सगळं समजलं असं नाही. एवढं मात्र समजलं, की ही ओ मुलीला पोचेल आणि तिथेच थांबणार नाही. त्यांनी दाराला कपाळ टेकलं.

"बाबा," ती पुटपुटली.

"ओ," दिगंबरराव म्हणाले. "ओ, बाळ. ओ."

दार सैल झालं. ती बाजूला सरकली होती. त्यांनी तिला टॉवेलात गुंडाळून उचललं. सत्तरीच्या माणसाच्या अंगात कुठून बळ आलं कोण जाणे. बोळातून येताना आतल्या खोलीवरून जावं लागलं. बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी दिसलं.

कपाटाचं दार पूर्ण सरकलेलं होतं. खालच्या खणात कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. अंगावर भिजून जड झालेलं कापड, त्यात कुठेकुठे सोनेरी तार. केसांतून पाणी निथळत होतं. मान एका बाजूला कलती होती आणि एक हात कानामागे धरलेला होता. फाटकाबाहेर, आपलं नाव आता येईल म्हणून उभं राहणारी माणसं तसा हात धरत.

हात खाली आला.

दिगंबरराव थांबले नाहीत.

८

डोक्याला टाके पडले. प्रथमेश मिळेल त्या गाडीने आला, सासऱ्याच्या पाया पडला, दोन दिवस राहिला. तोक्योत घर बघतोच, म्हणाला. त्या दोन दिवसांत घरात एकही हाक आली नाही. ओकुदा-सान दारात भेटल्या, वाकल्या, पुष्कळ बोलल्या. या वेळी त्याचा अर्थ चांगलाच होता, असं अश्लेषाने सांगितलं.

दिगंबररावांचा घसा बसला होता. दवाखान्यातल्या धावपळीने असेल. ते फार बोलत नसत, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

प्रथमेश गेला त्या दुपारी अश्लेषा पुढच्या खोलीत पांघरूण घेऊन बसली होती. डोक्याला पट्टी, पण चेहऱ्यावर रंग परतला होता. त्यांनी ओट्यापाशी चहा गाळला.

"बाबा!" ती सहज म्हणाली. कितीतरी दिवसांनी.

त्यांना बरं वाटलं. त्यांनी तोंड उघडलं.

"ओ, बाळ," आतल्या खोलीतून आवाज आला. "आलोच हं."

हा आवाज त्यांचा होता. त्यात कणभरही खोट नव्हती.

"साखर कमी घाला आज."

"कमीच घातली. बरं वाटतंय ना आता?"

"हो. बाबा, त्या दिवशी तुम्ही ओ दिलीत ना..." ती हसली. "पहिल्यांदा."

"आता रोज देईन."

दिगंबररावांनी ओरडायचा प्रयत्न केला. गळ्याच्या शिरा ताणल्या, छाती भरून आली, ओठ हलले. बाहेर काही आलं नाही. कप तसेच टाकून ते पुढच्या खोलीत गेले आणि तिच्यासमोर उभे राहिले. तिने वर पाहिलं.

"काय झालं, बाबा? असे का बघताय?"

त्यांनी तिचा हात धरला आणि तिचं नाव घेतलं. सगळ्या जिवानिशी घेतलं.

"अश्लेषा," बोळातून मायेने हाक आली, "इकडे ये जरा."

तिने समोरच्या मुक्या तोंडाकडे पाहिलं; ओ आली होती ती आतून, यांनी दिली नव्हती. "ओ!" ती म्हणाली. त्यांच्या हातातून तिने हात सोडवून घेतला, कुबड्या उचलल्या आणि आवाज आला त्या बाजूला तोंड केलं.